जाते थांबले, ओवी थांबू नये



वऱ्हाडातील घराघरांत एके काळी दिवस उजाडायचा तो जात्याच्या घरघरीने. चूल पेटण्यापूर्वी, गोठ्यातील गुरे उठण्यापूर्वी घरातील सासुरवाशीण जात्याचा खुंटा हाती धरी आणि ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडी घालता घालता तिच्या ओठी ओवी येई. ही ओवी तिने पोथीतून पाठ केलेली नसे. थोडी आईकडून आलेली, थोडी आजीकडून ऐकलेली आणि उरलेली तिची स्वतःची. माहेरची वाट, पाठीराखा भाऊ, कडेवरचे लेकरू, पंढरीचा विठ्ठल आणि कोणापाशी बोलता न आलेले दुःख, असे सारे त्या ओवीत सामावत असे. दळण संपे तेव्हा टोपलीत पीठ जमलेले असे आणि मनातील सल थोडा हलका झालेला असे. तिला कोणी कवयित्री म्हणत नसे, तिच्या ओवीला कोणी टाळ्या वाजवीत नसे. तरीही मराठीतील स्त्रीकाव्याचा फार मोठा ठेवा अशाच अनाम बायाबापड्यांनी निर्माण केला आहे.

पुढे गावोगावी पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले, मग अंगणात गेले, आणि आता लग्नघरी हळद दळण्याच्या विधीपुरते त्याला कुंकू लागते. हे चांगलेच झाले. ज्या हातांना खुंट्याने घट्टे पडले, त्या हातांना विसावा मिळाला याचा कोणाही सहृदय माणसाला आनंदच व्हावा. परंतु जात्याबरोबर आणखी एक गोष्ट घरातून निघून गेली आणि तिची नोंद कोणीच घेतली नाही. पीठ गिरणीतून आले. ओवी मात्र कोठूनच आली नाही.

आजच्या विषयाचे मर्म येथे आहे. आपल्या समाजात कला ही रोजच्या कामाच्या खुंट्याला बांधलेली होती. कामाची रीत बदलली, खुंटा निघाला आणि कला निराधार झाली. तिच्यासाठी वेगळा वेळ काढण्याची सवय आपल्याला कधी लागलीच नव्हती, कारण तशी गरजच पडली नव्हती. आता ती गरज निर्माण झाली आहे. यापुढे सर्जनशीलता घरात आपोआप नांदणार नाही. तिला जाणीवपूर्वक वेळ द्यावा लागेल, जागा द्यावी लागेल आणि ऐकणारा कान द्यावा लागेल.

कामात गुंफलेली कला

आपल्या परंपरेने कलेकडे कसे पाहिले, याचे उत्तर वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत सापडते. त्या यादीत गीत, वाद्य, नृत्य आणि चित्र आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला तांदूळ आणि फुलांनी भूमी सजविणे, माळा गुंफणे, सुईचे काम, नाना प्रकारचे पाक सिद्ध करणे, कोडी घालणे आणि वृक्षांची जोपासना करणे याही गोष्टी मानाने बसलेल्या आहेत. सभागृहातील कला उच्च आणि स्वयंपाकघरातील कला हलकी, असा भेद तेथे नाही. माणूस जे काही हाताने, कंठाने आणि बुद्धीने करतो ते सुंदर करावे, एवढीच अपेक्षा आहे.

वऱ्हाडाने ही दृष्टी प्रत्यक्ष जगून दाखविली. पोळ्याच्या दिवशी शेतकरी आपला बैल सजवितो. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळी बाशिंग. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. एकाने झडती म्हणावी, दुसऱ्याने तिला तोडीस तोड झडती म्हणून उत्तर द्यावे. महादेवाचे नाव घेऊन सुरू झालेली झडती बघता बघता पावसावर येते, कापसाच्या भावावर येते, सावकारावर आणि पुढाऱ्यावरही येते. वर्षभर शेतात राबणारा माणूस त्या संध्याकाळी भर गावासमोर कवी होतो. कोणाला वाटेल ही करमणूक आहे. पण ज्याला आपली व्यथा यमकात बसविता येते, त्याने त्या व्यथेवर काही अंशी तरी मात केलेली असते.

भाद्रपद पौर्णिमेला घरात भुलाबाई बसते. भुलोजी आणि भुलाबाई यांच्या मातीच्या मूर्ती मांडून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी जातात, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखतात. त्या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, रुसणे आहे, खोडी काढणे आहे. पाच वर्षांची चिमुरडी आणि सोळा वर्षांची ताई एकाच फेरात गाते. येथे परीक्षक नसतो, गुणपत्रिका नसते. चुकणारीला सगळ्या जणी सांभाळून घेतात. संगीताचे, तालाचे, स्मरणाचे आणि समूहात वावरण्याचे हे महिनाभराचे विद्यालय गल्लीतल्या आयाबाया बिनखर्चाने चालवीत आल्या.

अकोल्यात श्रावणातील सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला अभिषेक होतो. त्या कावडी आणि पालख्या सजविण्यासाठी वस्तीवस्तीतील तरुण कित्येक रात्री जागतात. कोणी सुतारकाम जाणतो, कोणी रंगकाम, कोणी ढोलाचा ताल. एरवी ज्यांना कोणी कलावंत म्हणणार नाही, अशा मुलांच्या हातून ती आरास उभी राहते. म्हणजे झरा आटलेला नाही. तो सणापुरता वाहतो आणि मग वर्षभर लुप्त होतो. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा.

कारकुनाची ओंजळ

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. पोटापाण्याच्या धावपळीत कलेला वेळ कोठून आणायचा? नोकरी सांभाळायची, मुलांच्या शिकवण्या सांभाळायच्या, घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणेखुपणे पाहायचे, त्यातून कविता कधी करायची आणि पेटी कधी वाजवायची? आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचे उत्तरही याच मातीतील एका माणसाच्या आयुष्यातून द्यायला हवे.

नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म १८७२ साली मलकापूरचा. सारे आयुष्य त्यांनी वऱ्हाडात सरकारी कारकुनीत घालविले. अकोल्यासारख्या ठिकाणी कचेरीत कागद हलविणे, जाबजबाब, नोंदी, बदल्या, तुटपुंजा पगार आणि प्रपंच, हा त्यांचा दिनक्रम. पण या कारकुनाने ‘बी’ हे एकाक्षरी नाव घेऊन कविता लिहिली. ‘चाफा’ आणि ‘माझी कन्या’ या त्यांच्या कविता ठाऊक नाहीत असे मराठी घर विरळा. त्यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९३४ साली, म्हणजे कवीच्या वयाच्या बासष्टाव्या वर्षी. त्यांची आयुष्यभराची कविता पन्नाशीही गाठत नाही. १९४७ साली ते गेले. त्यांनी किती लिहिले हे आज कोणी मोजत नाही. ‘चाफा’ मात्र लता मंगेशकरांच्या कंठातून घराघरांत पोहोचला आणि तेथेच राहिला.

बींच्या जीवनातून दोन गोष्टी उमगतात. पहिली ही की, कलेला पूर्ण दिवस लागत नाही. दिवसाचा एखादा कोपरा पुरतो. दुसरी अधिक महत्त्वाची. कलेला घाई चालत नाही. आज एखाद्या मुलाने दोन महिने तबला शिकला की घरच्यांना तो कोठल्या मंचावर वाजविणार याची चिंता लागते. बी मंचाची वाट पाहत थांबले असते तर मराठी कवितेत एक चाफा कमी उमलला असता.

नित्यनेमाचे दुसरे उदाहरण अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचे. लोकमान्यांचे निकटचे सहकारी, नामांकित वकील, फर्डे वक्ते, माणसांनी सदैव भरलेले घर. इतक्या गजबजाटातही दादासाहेबांनी रोजनिशी सोडली नाही. दिवसभरात कोण आले, काय बोलणे झाले, काय वाचले, प्रकृती कशी होती, हे ते लिहीत गेले. १९१० ते १९१२ या काळातील त्यांच्या शिर्डीच्या मुक्कामांच्या नोंदी आज साईबाबांच्या चरित्राचे मोलाचे साधन मानल्या जातात. लिहिताना त्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते केवळ त्या दिवसाशी प्रामाणिक राहिले. रोज झोपण्यापूर्वी दहा ओळी लिहिणारे घर आज गल्लीत एक तरी सापडेल काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

अडचणीचे काय?

वेळेनंतर येतो तो अडचणीचा मुद्दा. साधने नाहीत, प्रकृती साथ देत नाही, घरात वातावरण नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेल्या एका बालकाची दृष्टी वयाच्या पहिल्या वर्षातच गेली. हे बालक म्हणजे माधानचे प्रज्ञाचक्षू संत श्री गुलाबराव महाराज. ज्यांना अक्षर दिसत नव्हते त्यांनी ग्रंथ वाचून घेतले, ऐकून स्मरणात साठविले आणि सांगून लिहवून घेतले. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९१५ साली ते निवर्तले. पण त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक ग्रंथ आहेत. यामागे त्यांची प्रतिभा होतीच. त्याबरोबर वाचून दाखविणारे आणि लिहून घेणारे हातही होते, हे विसरता कामा नये. एका माणसाची साधना तडीस जाण्यासाठी चार माणसांनी आपला वेळ दिला, म्हणून ते वाङ्मय आज आपल्यापर्यंत पोहोचले.

अमरावतीतच १९३२ साली सुरेश भट जन्मले. अजाण वयात पोलिओने त्यांचा पाय कायमचा अधू केला. मैदान मिटले. आईला काव्याची आवड होती आणि घरात बाजाची पेटी होती. ज्याला धावता येत नव्हते, त्याच्या बोटांना सूर सापडले आणि पुढे सुरांतून शब्द. पदवी परीक्षेत ते अपयशी ठरले, पुन्हा बसले, अखेर १९५५ साली उत्तीर्ण झाले. १९६१ साली ‘रूपगंधा’ आले, १९७४ साली ‘रंग माझा वेगळा’ आले आणि मराठी गझल हे नाव त्यांच्याशी जोडले गेले ते कायमचे. कल्पना करावी, परीक्षेत नापास झालेल्या मुलाची पेटी आणि वही जप्त करणारे घर त्यांच्या वाट्याला आले असते तर? अशी घरे आज कमी नाहीत.

ऐकणारा कान

सुरेश भटांच्या जीवनातील आणखी एक पैलू आजच्या विषयाला फार जवळचा आहे. स्वतः कीर्तीच्या शिखरावर असताना त्यांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका लिहिली. खेड्यापाड्यांतील अनोळखी मुले त्यांना आपल्या रचना पाठवीत आणि ते पत्रातून त्या रचनांवर हात फिरवीत. वृत्त कोठे अडखळले, काफिया कोठे चुकला, हे समजावून देत. गावातील शिक्षक, शेतकऱ्याचा मुलगा, कचेरीतील कर्मचारी अशा कितीतरी जणांनी त्या धाग्याला धरून गझल लिहिली. मोर्शी तालुक्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी तीच गझल गळ्यातून महाराष्ट्रभर नेली आणि मराठी गझलेची संमेलने भरविली. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, असे हे काम. कलेला पारितोषिकापेक्षा अशा कानाची गरज अधिक असते. कोणीतरी ऐकतो आहे, मन लावून ऐकतो आहे, एवढ्या विश्वासावर माणूस वर्षानुवर्षे लिहितो, गातो, रेखाटतो.

ऐकणाऱ्याचे हे मोल वऱ्हाडच्या दोन संतांनी नेमके जाणले होते. शेंडगावचे गाडगे महाराज दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महापुरुषाने कीर्तनाचे रूपच बदलून टाकले. ते श्रोत्यांना नुसते ऐकवीत नसत, त्यांना प्रश्न विचारीत. उत्तर आले की त्यावर पुढचा प्रश्न. अडाणी समजला जाणारा शेतमजूर त्या रात्री कीर्तनाचा भागीदार होई. अस्सल वऱ्हाडी बोलीत, ग्रंथाचा आधार न घेता त्यांनी जे उभे केले ती उच्च प्रतीची वाचिक कला होती. झाडू आणि कीर्तन, श्रम आणि कला, यांची ताटातूट त्यांनी कधी होऊ दिली नाही.

यावलीला १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे दुसरे. खंजिरीसारखे साधे, हाती मावणारे, चार पैशांचे वाद्य त्यांनी निवडले. मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थनेचा आणि भजनाचा प्रघात पाडला. ‘ग्रामगीते’च्या एकेचाळीस अध्यायांत ग्रामशुद्धी आणि ग्रामरक्षण आहे, श्रम आणि आरोग्य आहे, त्याचबरोबर सण-उत्सव आहेत, भजनाचा प्रभाव आहे आणि जीवनकला या विषयाला स्वतंत्र अध्याय आहे. गाव उभे करायचे तर विहीर, रस्ता आणि शाळा यांच्याइतकीच भजनाची बैठकही आवश्यक आहे, असे या द्रष्ट्या पुरुषाचे सांगणे होते.

या सांगण्यामागील गांभीर्य आज अधिक जाणवते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वऱ्हाडातील अनेक शेतकरी कुटुंबांवर जो आघात झाला, तो येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कर्ज, कापसाचा भाव, हुकलेला पाऊस ही त्यामागची कारणे आहेत आणि त्यांचे उपाय शेतीच्या आणि अर्थकारणाच्या मार्गानेच शोधावे लागतील. भजनाने कर्ज फिटत नाही. असे म्हणणे म्हणजे त्या दुःखाची थट्टा होईल. परंतु जो माणूस दिवेलागणीला चार जणांत जाऊन बसतो, ज्याच्या हाती टाळ आहे, ज्याची जागा एक दिवस रिकामी दिसली तर शेजारचा चौकशीला येतो, तो माणूस आपल्या संकटात एकटा नसतो. गावची भजनी मंडळे जेथे ओस पडली, तेथे गाणे तर थांबलेच. एकमेकांची रोजची विचारपूसही थांबली. ही हानी कोणत्याही अहवालात येत नाही.

मेळघाटातील बांबू

सुटलेला खुंटा पुन्हा बसविता येतो काय? येतो, असे मेळघाट सांगतो. सातपुड्याच्या कुशीतील कोरकू समाज हा मुळातच कलावंत. दिवंगतांच्या स्मरणार्थ ते सागवानी फळ्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरतात. होळीच्या दिवसांत ढोल आणि बासरीच्या साथीने त्यांचे नृत्य रात्रभर चालते. या समाजात राहायला गेलेल्या सुनील देशपांडे आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र उभारले. बांबू तेथल्या अंगणात होताच, हात होतेच. त्या हातांना प्रशिक्षण मिळाले आणि बांबूपासून राख्या, शोभेच्या वस्तू, आसने आणि घरेही घडू लागली. सुनील देशपांडे २०२१ साली करोनाच्या साथीत गेले. पण त्यांनी दाखविलेली वाट मागे राहिली आहे. कलेला कामाशी आणि कामाला भाकरीशी पुन्हा जोडता येते, हे त्यांनी सिद्ध केले. मदत म्हणून दिलेले धान्य संपते. हातात रुजविलेली कला पुढच्या पिढीकडे जाते.

शहरात राहणाऱ्यांनीही यातून एक बोध घ्यावा. कोरकू तरुणाला कोणी बाहेरून कला आणून दिली नाही. त्याच्या अंगी असलेल्या कौशल्याकडे आदराने पाहिले गेले, इतकेच. आपल्या घरातही असे न पाहिलेले कौशल्य पडून असते. आजीला येणारी भुलाबाईची गाणी, मामाच्या हातची मातीची बैलजोडी, आईची गोधडी, काकांची वऱ्हाडी म्हणींची पोतडी. अकोल्याच्या महाविद्यालयात मराठी शिकविणारे कवी विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी बोलीला आणि तिच्यातील म्हणींना अभ्यासाचा विषय केले, त्याच बोलीत तिफणीची आणि काळ्या मातीची कविता लिहिली. ज्या बोलीला शहरात गेलेली मुले लाजत होती, त्या बोलीला सभागृहात मान मिळाला. बोली ही प्रत्येकाजवळ असलेली पहिली कला आहे. घरात ती बोलण्याची लाज वाटू लागली की पुढच्या साऱ्या कलांची वाट अरुंद होते.

आजच्या घराचे चित्र

आता थोडे आपल्या दिवाणखान्यात डोकावू. महाराष्ट्रातील शाळांमधून दरवर्षी हजारो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, निसर्गचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करतात. दहावीच्या निकालात त्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या वयात हात वळू लागतो त्याच वयात तो थांबतो. मग अकरावी, प्रवेश परीक्षा, शिकवणी वर्ग. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत शिकवणी वर्गांच्या पाट्यांनी रस्ते भरलेले आहेत. मुलांनी वैद्यक आणि अभियांत्रिकीकडे जावे यात गैर काहीच नाही. पण त्यासाठी चित्र, गाणे आणि वाचन यांचा बळी द्यावाच लागतो, हा समज खरा नाही. दिवसाचे बारा तास अभ्यास करणाऱ्या मुलाला अर्धा तास बासरी वाजवू दिली तर त्याचा अभ्यास बुडत नाही. बहुधा तो तगून राहतो.

दुसरे चित्र मोबाईलचे. आज कोणतेही गाणे, कोणतेही नृत्य बोटाच्या एका स्पर्शाने समोर येते. इतकी कला मानवाला यापूर्वी कधी उपलब्ध नव्हती आणि घरातून इतकी कमी कला यापूर्वी कधी निर्माण होत नव्हती. पाहणारे वाढले, करणारे घटले. जगातील उत्तमोत्तम गायन ऐकणाऱ्या मुलाला आपला बेसूर गळा उघडण्याची लाज वाटते. त्याला कोणीतरी सांगायला हवे की, पहिली कित्येक वर्षे प्रत्येक गळा बेसूरच असतो.

तिसरे चित्र थोडे अवघड आहे, पण टाळता येणार नाही. बहुतेक घरांत एक अशी स्त्री असते जिने लग्नापूर्वी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, चित्रे काढली होती, वक्तृत्वात बक्षिसे मिळविली होती. लग्नानंतर ते सुटले. कोणी मनाई केली नाही. कोणी वेळही दिला नाही. जात्यावर बसलेल्या तिच्या पणजीजवळ निदान पहाटेचा प्रहर आणि ओवी होती. गॅसची शेगडी, मिक्सर आणि धुलाईयंत्र असलेल्या घरात या गृहिणीजवळ तेवढेही उरू नये, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण? संस्कृतीचे रक्षण मातृशक्ती करते, असे आपण सभांमधून म्हणतो. त्या मातृशक्तीला संध्याकाळी अर्धा तास स्वयंपाकघरातून मोकळे करण्याची जबाबदारी मग घरातील पुरुषांची ठरते. चहा त्यांनी करावा, कुकर त्यांनी लावावा. तेवढ्यात पेटी उघडते की नाही ते पाहावे.

करता येण्याजोगे

उपाय मोठे नाहीत, म्हणूनच ते टिकण्याजोगे आहेत. पहिला उपाय वेळेचा. दिवेलागणीनंतरचा अर्धा तास घरातील सर्व पडदे बंद ठेवावेत, दूरदर्शनचाही आणि मोबाईलचाही. शुभंकरोती आणि परवचा ज्या वेळी होत असे तीच ही वेळ. ती रिकामी पडली आहे, नव्याने शोधावी लागत नाही. दुसरा उपाय जागेचा. पेटी, तबला, रंग, वही या वस्तू कपाटात कुलूपबंद न ठेवता हाताशी असाव्यात. जी वस्तू काढायला पाच मिनिटे लागतात ती वापरली जात नाही. तिसरा उपाय नोंदीचा. घरातील वडीलधाऱ्या बाईला येणारी गाणी, ओव्या, उखाणे नातवंडांनी वहीत उतरवून घ्यावेत आणि तिच्याच आवाजात मोबाईलवर मुद्रित करून ठेवावेत. ज्या यंत्राने घरातील गाणे बंद केले, त्याच यंत्राला हे प्रायश्चित्त द्यावे.

चौथा उपाय श्रोत्याचा. महिन्यातून एका संध्याकाळी चार-पाच कुटुंबांनी एकत्र बसावे. जो येईल त्याने काहीतरी घेऊन यावे. गाणे, चित्र, वाचन, एखादा नवा पदार्थ, परसातील रोपटे, काहीही. येथे स्पर्धा नको, क्रमांक नको, पाहुणा नको, हारतुरे नकोत. लहानांनी थोरांचे ऐकावे आणि थोरांनी लहानांचे ऐकावे. संघटनेचे काम करणाऱ्यांना बैठकांची सवय असते. त्यांनी वस्तीत अशी एक बैठक सुरू करून द्यावी आणि मग मागे बसून श्रोता व्हावे. पाचवा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत कठीण. वाईट काढू देण्याची मुभा द्यावी. मुलाचे चित्र बिघडले, मुलीचा सूर ढळला, वडिलांची कविता यमकात अडकली, तर हसू नये. आपल्या घरांतील कितीतरी कला एका हसण्याने मेल्या आहेत.

१९१२ साली अकोल्याला हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, १९८९ साली अमरावतीला कथाकार शांताराम यांच्या अध्यक्षतेखाली भरले. वऱ्हाडाला या दोन्ही संमेलनांचा अभिमान आहे आणि तो असावा. परंतु संमेलने तीन दिवसांत आटोपतात, मंडप उतरतात. भाषा आणि कला जगतात त्या उरलेल्या दिवसांत, मंडपाबाहेरच्या घरांत. त्या घरांत जर सारे काही विकतच येऊ लागले, गाणे विकत, हसू विकत, सणाची रांगोळीसुद्धा विकतची चिकटपट्टी, तर पुढच्या संमेलनाला श्रोता कोठून मिळणार?

येत्या भाद्रपद पौर्णिमेला ज्या घरांत लहान मुली आहेत त्या घरांनी मातीची भुलाबाई बसवावी. आजीला गाणी आठवत नसतील तर शेजारच्या आजीला विचारावे. दोघींना मिळून एक गाणे नक्की आठवेल. दुसऱ्या दिवशी आणखी एक आठवेल. मुलींना पहिले दोन दिवस कंटाळा येईल, तिसऱ्या दिवशी त्या डब्यातील खाऊ ओळखू लागतील आणि कोजागिरीच्या चांदण्यात त्यांपैकी एखादी आपल्या मनाची एक ओळ त्या गाण्यात घालील. ती ओळ कदाचित तालात बसणार नाही. तरी ती म्हणू द्यावी. पणजीची ओवी अशीच सुरू झाली होती.